चाळीतला वारा

मागच्या वर्षी जानेवारीत मामांचा निफाडहून फोन आला. जुनी कांदाचाळ पाडून नवी बांधायची होती. विहीर आणि गोठा यांच्यामधली जागा लांबीला कमी पडत होती, म्हणून कप्पे रुंद करावेत असं त्यांच्या मनात होतं. चार फुटांऐवजी साडेपाच. गावात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. चार फुटांच्या वर गेलं की मधला कांदा गुदमरतो, असं जो तो सांगत होता. मामांचा प्रश्न सरळ होता : "तू ते हवेचं सॉफ्टवेअर शिकतोय ना? मग बघून सांग, साडेपाच फूट चालंल का?"

मी म्हणालो, बघतो. त्या 'बघतो'पासून पुढे जे झालं त्याबद्दल हे लिहितो आहे.

थोडं मागे जातो. मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाला. पुण्यात माझ्या पिढीतली अर्धी मेकॅनिकल मंडळी अशीच आहेत, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर मला दुसऱ्या खेपेस सुटला होता आणि ती बोच राहून गेली होती. म्हणून नोकरीला पाच वर्षं झाल्यावर, शनिवार-रविवारी, मी प्रवाह आणि उष्णता यांचं सिम्युलेशन शिकायला घेतलं. बाजारातली मोठी सॉफ्टवेअर घरी घेणं परवडण्यातलं नाही. ओपनफोम मात्र फुकट आहे आणि २००४पासून त्याचा सोर्स कोडही खुला आहे. त्यात बटणं नाहीत. तीन फोल्डर असतात, 'झिरो', 'कॉन्स्टंट' आणि 'सिस्टिम', आणि त्यांतल्या साध्या टेक्स्ट फायलींमध्ये तुम्ही तुमचं जग लिहायचं. सुरुवातीला हवा किती वेगाने कुठून येते, भिंती किती गरम, हवा किती चिकट, जागेचे तुकडे किती पाडायचे. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे घरच्यासारखं वाटतं.

पहिला धडा सगळ्यांचा एकच. दहा सेंटिमीटर बाजूची चौकोनी पोकळी, तिचं झाकण सेकंदाला एक मीटर वेगाने सरकतं आहे, आतला द्रव त्याच्याबरोबर ओढला जातो आणि गोल फिरायला लागतो. वीस बाय वीसची जाळी, म्हणजे चारशे घरं. कमांड दिली, डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर आलं आणि पडद्यावर निळ्यातून लाल होत जाणारा भोवरा दिसला. खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या समीकरणांनी मला नापास केलं होतं, ती माझ्या लॅपटॉपवर माझ्या सांगण्यावरून फिरत होती.

ही समीकरणं नाविए आणि स्टोक्स यांची. पहिल्याने १८२२मध्ये मांडली, दुसऱ्याने १८४५मध्ये पक्क्या पायावर आणली. तीन मितींमध्ये त्यांची उत्तरं नेहमी असतातच का आणि सुरळीत असतात का, हे अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. अमेरिकेतल्या क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २०००मध्ये त्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते आजही कोणी नेलेलं नाही. लॅपटॉपला याची फिकीर नसते. तो उत्तर देतो.

आता चाळीबद्दल, शहरातल्या वाचकांसाठी. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत काढत राहतात. चाळ म्हणजे फट्ट्यांच्या भिंतींचा लांबट पिंजरा. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, तळालाही फटी, वर कौलं किंवा पत्रे. कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, त्यातून ऊब आणि ओल तयार होते, आणि ती वाऱ्याने बाहेर नेली नाही तर मधून सड सुरू होते. रुंदी चार फूट आणि ढिगाची उंची पाच फूट या मापांमागे एवढंच कारण आहे. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर कांदाचाळ हा उष्णतेच्या अभिसरणाचा प्रश्न आहे. मला वाटलं, हा तर माझ्यासाठीच काढलेला पेपर.

मी दोन शनिवार-रविवार घालवले. कांद्याचा ढीग हा मी एक सच्छिद्र ठोकळा मानला. पाच सेंटिमीटरचा कांदा, चाळीस टक्के पोकळी. पश्चिमेकडून सेकंदाला दोन मीटर वारा सोडला. प्रवाह खळबळणारा असतो, त्यासाठी एक मॉडेल लागतं. मी सगळे निवडतात तेच निवडलं. त्यात ०.०९, १.४४, १.९२ असे स्थिरांक असतात. ते कुठल्याही मूळ नियमातून आलेले नाहीत. सत्तरच्या दशकात लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी साध्या, मोजता येण्यासारख्या प्रवाहांशी जुळवून ते बसवले. माझ्या फायलीत ते आधीच लिहिलेले होते, मी हातही लावला नाही. सुमारे दोन लाख घरांची जाळी. चाळीस मिनिटांत आलेखावरच्या रेषा खाली खाली जात सपाट झाल्या आणि पडद्यावर ते शब्द आले ज्यांची या विषयातला प्रत्येक नवशिक्या वाट पाहतो : सोल्यूशन कन्व्हर्ज्ड.

चार फुटांची चाळ निळी होती. साडेपाच फुटांचीही निळी होती, मध्ये जरा फिकट. लाल कुठेच नाही. मी ते चित्र मामांना पाठवलं आणि खाली लिहिलं : 'चालेल असं दिसतंय.'

या वाक्यातला 'दिसतंय' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, म्हणजे उद्या काही झालं तर मागे सरायला जागा. मामांनी तो वाचलाच नाही. त्यांनी चित्र वाचलं. संध्याकाळपर्यंत ते गावातल्या दोन ग्रुपवर गेलं होतं. माझ्या तोंडच्या शब्दावर मामांनी चार शंका काढल्या असत्या. त्या चित्राला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

फेब्रुवारीत, सगळं आटोपल्यावर, मी एक गणित सोडवायला घेतलं जे खरं तर चाळीच्या आधी करायला हवं होतं. चौकोनी पोकळी, एक भिंत गरम, एक थंड, आत हवा. डी व्हाल डेव्हिस यांनी १९८३मध्ये याची इतकी काटेकोर उत्तरं काढून ठेवली की तेव्हापासून नवा माणूस आणि नवं सॉफ्टवेअर दोघांनाही त्यावर घासून बघतात. रेली अंक दहा लाख असताना सरासरी नुसेल्ट अंक ८.८ यायला हवा. म्हणजे हवा नुसती स्तब्ध असती तर जेवढी उष्णता पलीकडे गेली असती, त्याच्या ८.८ पट. चाळीसाठी वापरलेल्याच सवयींनी, तसल्याच जाडसर जाळीवर मी ते केलं. उत्तर सातच्या आसपास आलं. रेषा सपाट. कन्व्हर्ज्ड.

पोटात गोळा आला. मग चाळीची जाळी तिन्ही दिशांना दुपटीने बारीक केली, म्हणजे घरं आठपट, आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी बघतो तर साडेपाच फुटी ढिगाच्या मधल्या पट्ट्यातला हवेचा वेग जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेला. आणखी बारीक केली असती तर आणखी किती घटला असता? रेषा सपाट होण्याचा अर्थ एवढाच होता की माझं उत्तर माझ्याच जाळीशी आणि माझ्याच गृहीतांशी भांडायचं थांबलं होतं. चाळीशी त्याची गाठ पडलेलीच नव्हती.

आणि गृहीतं तरी काय होती! दोन मीटर वेगाचा वारा चाळीवर आदळतो तेव्हा त्याचा दाब जेमतेम अडीच पास्कल असतो. ए-फोर आकाराचे तीन कागद एकावर एक ठेवले तर टेबलावर पडतो तेवढा. एवढ्या जोरावर तो दीड-दोन मीटर कांद्यांमधून वाट काढतो. वारा पडला की उरतो तो फक्त गरम हवा वर चढण्याचा जोर. आतबाहेर दोन अंशांचा फरक असेल तर तो याच्या विसाव्या हिश्श्याइतका. चाळीला खरी भीती असते ती अशा, पावसाळ्यातल्या कोंदट, पान न हलणाऱ्या रात्रींची. मी सोडलेला वारा मात्र दिवसरात्र वाहत होता. कांद्याची ऊब मी धरली नव्हती, ओल तर मुळीच नाही. मामांनी विचारलेला प्रश्न बाजूला ठेवून मी मला येणारा प्रश्न सोडवला होता, आणि उत्तर मात्र त्यांच्या प्रश्नाचं म्हणून दिलं होतं.

इथे मला लुइस फ्राय रिचर्डसन हा माणूस आठवतो. संगणक नसताना हाताने आकडेमोड करून हवामान वर्तवता येईल असं त्याला वाटलं. हा क्वेकर पंथाचा, युद्धविरोधी गृहस्थ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होता आणि फावल्या वेळात २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांचं हवामान समीकरणांतून काढत होता. मधल्या काळात हस्तलिखित हरवलं, ते काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. उत्तर आलं : सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाही नव्हता. १४५ म्हणजे चक्रीवादळालाही न शोभणारा आकडा. रिचर्डसनने १९२२मध्ये पुस्तक छापलं आणि त्यात हा आकडा जसाच्या तसा ठेवला. पुढे पीटर लिंच या हवामानशास्त्रज्ञाने दाखवलं की पद्धत बरोबरच होती. सुरुवातीच्या नोंदींमधला असमतोल आधी काढून टाकला असता तर उत्तर समंजस आलं असतं. गंमत म्हणजे जाळी बारीक करत जाऊन उत्तर कुठे पोचेल याचा अंदाज बांधण्याची जी रीत आज वापरतात, तीही याच रिचर्डसनच्या नावाने ओळखली जाते.

त्याच्या प्रामाणिकपणाला मी हात जोडतो. पण त्याला एक सोय होती, जी मला नव्हती. त्याची चूक ओरडत होती.

माझी ओरडत नव्हती, आणि त्याचं कारण पुण्याशी जोडलेलं आहे. ओपनफोममध्ये मी जी पद्धत वापरली तिचं नाव सिंपल. ती १९७२मध्ये सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी मांडली. पाटणकर मूळचे पुण्याचे. पुणे, मुंबईची आयआयटी, मग लंडनचं इम्पिरियल कॉलेज असा त्यांचा प्रवास. त्यांचं १९८०चं, जेमतेम दोनशे पानांचं पुस्तक जगभर या विषयाचं पहिलं पुस्तक म्हणून वाचलं जातं, मीही त्याच्यावरच शिकलो. त्यात त्यांचा एक आग्रह आहे : जाळी कितीही जाड असली तरी उत्तर भौतिकदृष्ट्या वाजवी दिसलं पाहिजे आणि हिशेब जुळला पाहिजे, आत आली तेवढी हवा बाहेर गेलीच पाहिजे. हा आग्रह किती मोलाचा होता हे सांगायला नको; त्यामुळेच हे गणित कारखान्यांपर्यंत पोचलं. पण त्याची दुसरी बाजू मला त्या सकाळी कळली. चांगल्या पद्धतीतून आलेलं चुकीचं उत्तरही वाजवी दिसतं. सभ्य माणसाने शांत आवाजात सांगितलेल्या चुकीच्या पत्त्यासारखं. रिचर्डसनचा आकडा बघून शेंबडं पोरही हसलं असतं. माझी निळी चाळ बघून कोण हसणार?

हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं होतं असंही नाही. नॉर्वेत स्लाइपनर ए नावाच्या तेलाच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणी चालू असताना फुटून समुद्राच्या खाडीत बुडाला. तिथे गणित प्रवाहाचं नव्हतं, ताणाचं होतं, पण दुखणं जाळीचंच. एका नाजूक सांध्यातला कातरणाचा ताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. माणसं वाचली. त्या हिशेबाच्या कागदांवरही सगळं वाजवीच दिसत असणार.

पण चूक होणं आणि गुन्हा होणं यांत फरक आहे, आणि मला छळत होता तो हा फरक. क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाचा १८७७चा एक निबंध आहे, श्रद्धेच्या नीतीबद्दल. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, तपासून घ्यायला हवं, हे त्याला आतून माहीत असतं. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, असं तो स्वतःला पटवतो. अगदी मनापासून पटवतो. जहाज बुडतं. तो दोषी आहे, हे आपण लगेच म्हणतो. क्लिफर्डचा खरा मुद्दा पुढे आहे : समजा जहाज बुडालं नाही, सुखरूप परत आलं, तरीही तो तितकाच दोषी. कारण प्रश्न त्याचं म्हणणं खरं निघालं का हा नाही. तसं मानायचा त्याला हक्क होता का, हा आहे. (हा क्लिफर्ड १८७०मध्ये सूर्यग्रहण बघायला जाताना सिसिलीजवळ स्वतः जहाज फुटून वाचला होता. उदाहरण कुठून आलं असेल याचा मला दाट संशय आहे.)

मला तसं मानायचा हक्क होता का? मला जाळीची परीक्षा माहीत होती. पुस्तकात त्या पानावर मी पेन्सिलीने खूणही केली होती. मी ती केली नाही, कारण रविवारची संध्याकाळ झाली होती आणि चित्र छान आलं होतं. नोकरीत मी टेस्ट न चालवता कोड पुढे पाठवला तर मला शरम वाटते. इथे वाटली नाही. आणि आता उलगडतं की मला मामांच्या कांद्याची जेवढी काळजी होती, त्याहून जास्त आस माझ्या पाच महिन्यांच्या शिकण्याला कोणीतरी मान द्यावा याची होती.

मी फोन केला. म्हणालो, "मामा, ते चित्र धरून चालू नका. माझं काम कच्चं होतं."

"पण निळं होतं ना सगळं?"

"निळं होतं. पण मी वारा बंद करून बघितलंच नव्हतं."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अँगल कापून झाले रे. वेल्डर उद्या येतोय." आणि नंतर, रागाने नाही, खरोखरच विचारलं : "बरं, ते धरायचं नाही. मग धरून चालायचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि क्लिफर्डकडेही नसावं. पुरेसा पुरावा मिळेपर्यंत काहीही मानू नये हे म्हणणं ज्याच्यावर हंगाम धावून येत नाही त्याला शोभतं. विल्यम जेम्सने १८९६मध्ये क्लिफर्डला हेच सुनावलं होतं. काही निर्णय असे असतात की थांबणं हाही एक निर्णयच होतो. शेतकऱ्याचे बहुतेक निर्णय त्या जातीचे. बरं, चार फुटांचा नियम तरी कोणत्या समीकरणातून आला? पण तिथे मी अडखळतो. त्या नियमामागे माणसांनी भरलेल्या, सडलेल्या, फेकलेल्या कांद्यांची रांग आहे. तोही एक अंदाजच, पण किंमत मोजून झालेला. माझ्या चित्रामागे एकही कांदा नव्हता.

शिवाय जेम्सची सूट मला लागू पडत नाही, असं मला वाटतं. मामांनी धोका पत्करला तर तो त्यांच्या कांद्याचा. साडेपाच फूट करून बघतो, गेला तर गेला, असं ते म्हणू शकतात, तो त्यांचा अधिकार. मी मात्र दुसऱ्याच्या कांद्यावर धोका पत्करला आणि तो धोका आहे हेही त्यांना कळू दिलं नाही. निळा रंग देऊन झाकला. 'वारा नसताना काय होतं ते मी बघितलेलं नाही' हे एक वाक्य चित्राखाली लिहिलं असतं तर मामांनी कदाचित तेच केलं असतं जे पुढे केलं. पण मग ते त्यांनी केलेलं असतं.

त्यांनी साडेपाच फूटच बांधली. एप्रिलअखेर कांदा भरला. त्या पावसाळ्यात मी पुण्यात बसून निफाडचा वारा मोबाइलवर बघत असे. ऑगस्टमध्ये भाव बरा मिळाला म्हणून मामांनी सगळा माल काढून टाकला. खराब किती निघाला विचारलं तर म्हणाले, नेहमीइतकाच. म्हणजे दिवाळीपर्यंत ठेवला असता तर काय झालं असतं, ते कोणालाच माहीत नाही. क्लिफर्डचं जहाज अर्ध्या वाटेवरच्या बंदरात शिरलं आणि तिथेच विकलं गेलं.

पण गावात निकाल लागला होता. डिसेंबरमध्ये मामांच्या एका दोस्ताचा फोन आला. त्यांना सहा फुटी चाळ बांधायची होती आणि माझ्याकडून 'तसलंच चित्र' हवं होतं, पैसे देऊन. मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं भाव खातोय. मामांना मध्ये घातलं. मामांनाही जरा लागलं असावं, कारण त्यांनी माझं नाव चार लोकांत मोठं करून ठेवलं होतं.

या वर्षी मे महिन्यात मी आठ सेन्सर घेऊन निफाडला गेलो. शंभर-दीडशे रुपयांना एक मिळतो. प्लास्टिकच्या नळीत घालून, कांदा भरतानाच, दोन कप्प्यांत वेगवेगळ्या खोलीवर पुरले, एक बाहेर टांगला. मामी म्हणाल्या, कांद्याला सलाइन लावलीस का? जुलैतल्या एका रात्री पहाटे तीनची नोंद अशी होती : बाहेर २४ अंश, ढिगाच्या मध्यात २७.५. वारा शून्य. त्याच रात्रीसाठी मी नंतर सिम्युलेशन केलं, या वेळी ऊब धरून, बारीक जाळीवर. त्याने फरक सव्वा अंश सांगितला. म्हणजे अजूनही मला काहीतरी कळलेलं नाही. ओल असेल, ढिगात तळाशी साचणारी सालं असतील. फटी बुजतात त्यांनी.

हे आकडे मी मामांना सांगितले, चित्र काढलं नाही. त्यांनी विचारलं, मग मधून भोकं पाडलेला पाइप उभा घातला तर? मी म्हणालो, माहीत नाही. सहातल्या दोन कप्प्यांत घालून बघू, चार तसेच ठेवू, आणि दिवाळीला दोन्हींतला खराब माल वेगवेगळा तोलू.

"तोलायला तू येणार," मामी आतून म्हणाल्या. "आणि सडका कांदा निवडायलापण."